खालच्या लीगमधला डिफेंडर: डीन लुइंग्टन आणि लीग वन-लीग टूबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लिश फुटबॉलमधल्या लीग वन, लीग टूबद्दल काही लिहिलं की मला तेच तेच प्रश्न येतात, हे कोण, किती पैसे मिळतात, कुणी बघतं का, आणि प्रीमियर लीगमध्ये कधीच न खेळलेल्या माणसाबद्दल एवढं प्रेम कशासाठी. म्हणून सगळी उत्तरं एकाच ठिकाणी टाकतोय. मध्यभागी एकच माणूस ठेवलाय, डीन लुइंग्टन, कारण खालच्या लीगमधल्या डिफेंडरच्या वाट्याला जे जे येतं ते जवळजवळ सगळं त्याच्या वाट्याला आलं.

डीन लुइंग्टन कोण?

इंग्लिश लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या कडेचा डिफेंडर, जन्म १८ मे १९८४, लंडनच्या कडेला किंग्स्टन अपॉन टेम्स. विम्बल्डनच्या युथ टीममधून वर आला, तो क्लब मिल्टन कीन्सला गेला आणि एमके डॉन्स झाला, आणि हा तिथेच २०२४-२५ च्या सीझनपर्यंत खेळत राहिला. रिटायर झाला तेव्हा वय ४०. क्लबसाठी ९०० च्या वर मॅच. इंग्लंडसाठी एकही नाही, प्रीमियर लीगमध्ये एकही नाही.

खालची लीग म्हणजे नक्की किती खाली?

वर प्रीमियर लीग, त्याखाली चॅम्पियनशिप, मग लीग वन आणि मग लीग टू, म्हणजे तिसरी आणि चौथी पायरी. खालच्या तिन्हींमध्ये प्रत्येकी २४ टीम आणि प्रत्येकाला ४६ लीग मॅच. प्रीमियर लीगमध्ये ३८ असतात हे लक्षात घ्या. त्यावर एफए कप, लीग कप आणि मुख्यतः लीग वन-लीग टूच्या क्लब्ससाठी असलेली फुटबॉल लीग ट्रॉफी, म्हणजे खेळाडू चांगल्या फॉर्मात असेल तर ऑगस्ट ते मे पन्नासच्या वर मॅच सहज होतात, त्यात शनिवार-मंगळवार-शनिवार असा रेटा. लीग टूच्या तळाच्या दोन टीम पाचव्या पायरीवरच्या नॅशनल लीगमध्ये जातात. तिथून परत वर यायला काही क्लब्सना दहा-दहा वर्षं लागलीत.

आणि हे सगळे पूर्णवेळ प्रोफेशनल आहेत बरं का. दिवसा नोकरी करून संध्याकाळी खेळणारे लोक आणखी खाली सापडतात.

वडील फुटबॉलमध्ये होते ना, मग वशिल्याने आला का?

वडील रे लुइंग्टन स्वतः विम्बल्डन, चेल्सी आणि फुलहॅमकडून खेळलेले, पुढे वॉटफर्डचे मॅनेजर आणि रॉय हॉजसनच्या हाताखाली इंग्लंडचे असिस्टंट कोच. त्यामुळे घरात फुटबॉल होतं हे खरं. पण वशिल्याने फार तर ट्रायल मिळते, वीस-बावीस वर्षं टीममध्ये जागा मिळत नाही, दर शनिवारी हजारो लोकांसमोर समोरचा विंगर, म्हणजे कडेने हल्ला करणारा, तुमची परीक्षा घेतो आणि तिथे बाबांचं नाव कामाला येत नाही.

खरी संधी त्याला मिळाली ती क्लबच्या कडकीमुळे. २००३ च्या उन्हाळ्यात विम्बल्डन क्लब आर्थिक दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर येऊन ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये, म्हणजे बाहेरच्या प्रशासकाच्या हातात गेला, पगार परवडेनात म्हणून सीनियर खेळाडू विकले किंवा सोडून दिले, आणि मग मॅचला उतरवायला कोण तर ॲकॅडमीतली पोरं. डीन आदल्या सीझनच्या शेवटी थोडा वेळ मैदानात उतरला होता, आता वयाच्या एकोणिसाव्या वर्षी तो दर आठवड्याला खेळायला लागला, तेही दुसऱ्या पायरीवर आणि हरणाऱ्या टीममध्ये. टीम तळाला राहून खाली गेली. पण लेफ्ट बॅकची जागा त्याची झाली.

क्लब मिल्टन कीन्सला गेला म्हणजे काय? क्लब असा हलवतात?

इंग्लंडमध्ये असं हलवत नाहीत आणि म्हणूनच ती जखम अजून भरलेली नाही. उद्या कुणी पाटाकडील तालीम हा कोल्हापूरचा जुना फुटबॉल संघ उचलून इचलकरंजीला नेला तर कोल्हापुरात काय होईल याची कल्पना करा, म्हणजे दक्षिण लंडनमध्ये तेव्हा काय झालं ते कळेल.

२००२ च्या मे महिन्यात इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने, एफएने, नेमलेल्या तीन जणांच्या कमिशनने दोन विरुद्ध एक मतांनी क्लबला साधारण ९० किलोमीटर लांब मिल्टन कीन्सला जायची परवानगी दिली. चाहत्यांनी लगेच स्वतःचा नवा क्लब काढला, एएफसी विम्बल्डन, आणि अगदी तळातल्या लीगपासून सुरुवात करून तो २०११ मध्ये फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे लीग टूपर्यंत पोचवला. इकडे जुना क्लब सप्टेंबर २००३ पासून मिल्टन कीन्सच्या नॅशनल हॉकी स्टेडियममध्ये खेळायला लागला, हो, हॉकीच्याच, पहिली मॅच बर्नलीविरुद्ध २-२ झाली. २००४ मध्ये नाव बदलून एमके डॉन्स झालं आणि स्वतःचं मोठं स्टेडियम मिळालं २००७ मध्ये.

यात डीनचा काही दोष नव्हता, निर्णय झाला तेव्हा तो ॲकॅडमीतला मुलगा होता. पण दुसऱ्यांच्या मैदानावर गेलं की "फ्रँचायझी", म्हणजे धंद्यासाठी गाव बदललेला क्लब, म्हणून शिव्या खायच्या, त्या त्याने खाल्ल्या, वीसच्या वर वर्षं. डिसेंबर २०१२ मध्ये एफए कपात दोन्ही क्लब पहिल्यांदा समोरासमोर आले आणि एमके डॉन्सने जॉन ओत्सेमोबोरच्या टाचेने मारलेल्या गोलवर २-१ अशी मॅच काढली. मला स्वतःला एएफसी विम्बल्डनच्या लोकांबद्दल फार आदर आहे आणि लुइंग्टनबद्दलही आहे, या दोन गोष्टी एकत्र राहू शकतात असं माझं ठाम मत आहे.

त्याच्या करिअरमधलं मोठं यश कोणतं?

तीन प्रमोशन, म्हणजे वरच्या लीगमध्ये बढती. २००७-०८ मध्ये पॉल इन्सच्या हाताखाली लीग टूचं विजेतेपद, ९७ पॉइंट, आणि त्याच सीझनला वेम्बलीवर ग्रिम्सबीला २-० हरवून फुटबॉल लीग ट्रॉफी. मग २०१४-१५ मध्ये कार्ल रॉबिन्सन मॅनेजर असताना लीग वनमधून चॅम्पियनशिप, शेवटच्या दिवशी येओविलला ५-१ धुतलं आणि तिकडे प्रेस्टन कोलचेस्टरला हरलं म्हणून दुसरा नंबर मिळाला. तिसरं २०१९ ला, पुन्हा लीग टूमधून, शेवटच्या दिवशी मॅन्सफील्डशीच गाठ, जो जिंकेल तो वर, १-० ने काढलं.

पण लोकांना आठवते ती २६ ऑगस्ट २०१४ ची रात्र. लीग कप, समोर मॅनेजर लुई व्हान गाल याचं मँचेस्टर युनायटेड, आणि स्कोर एमके डॉन्स ४, युनायटेड ०. विल ग्रिगचे दोन, बेनिक अफोबेचे दोन. कॅप्टन लुइंग्टन. मिडफिल्डमध्ये डेले अली नावाचा १८ वर्षांचा पोरगा होता, याच क्लबच्या ॲकॅडमीतला, तो पुढच्या फेब्रुवारीत टॉटनहॅमला विकला गेला आणि नंतर वर्ल्ड कप सेमीफायनल खेळला. डीन तिथेच राहिला, पुढच्या शनिवारी परत लीग वनची मॅच होतीच.

आणि अपयश?

पाच रेलिगेशन, म्हणजे खालच्या लीगमध्ये घसरण: २००४, २००६, २०१६, २०१८, २०२३. शिवाय लीग वनच्या प्लेऑफ (थेट वर न गेलेल्यांमधून आणखी एक टीम वर पाठवणाऱ्या मॅच) सेमीफायनलमध्ये २००९ ला स्कन्थॉर्प, २०११ ला पीटरबरो, २०१२ ला हडर्सफील्ड, २०२२ ला विकम असे चार पराभव. २०२२ चा सगळ्यात जास्त लागला असणार, कारण लीगमध्ये ८९ पॉइंट करून तिसरे आले होते आणि एखाद्या दुसऱ्या वर्षी तेवढ्यात थेट वर गेले असते. २०२४ ला लीग टूच्या प्लेऑफमध्ये क्रॉली टाउनने दोन मॅच मिळून ८-१ असं लोळवलं.

प्रमोशन तीन आणि रेलिगेशन पाच. एवढे हिशेब डोक्यावर घेऊन जुलैमध्ये परत प्री-सीझनला पळायला जायचं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा, मला तरी ते युनायटेडवरच्या विजयाहून मोठं वाटतं.

लीग टूमधला डिफेंडर नेमकं करतो काय? टीव्हीवर तर नुसते लांब लांब बॉल दिसतात.

हा माझा आवडता प्रश्न आहे त्यामुळे जरा थांबून सांगतो.

वरच्या लीगमध्ये डिफेंडरला मुख्यतः जागा सांभाळायची असते आणि पायात बॉल घेऊन खेळ सुरू करायचा असतो. खाली त्यात अंगावरची लढाई वाढते. समोरच्या गोलकीपरने साठ मीटर लांब बॉल मारला, तो हवेत आहे, तुमच्या पाठीत त्यांच्या सेंटर फॉरवर्डचं कोपर आहे, आणि तुम्हाला तो बॉल हेडने नुसता लागून चालत नाही, तो तुमच्या मिडफिल्डरच्या बाजूला पडला पाहिजे. कारण खरी मॅच त्या पडलेल्या बॉलची असते, त्याला तिकडे सेकंड बॉल म्हणतात. लीग टूची मॅच बघताना पहिलं हेडर कोण जिंकला हे सोडा, सेकंड बॉल कुणाचा ते मोजा, अर्ध्या तासात कळतं कोण जिंकणार.

समोर कोण असतं तेही बघा. विकमचा अदेबायो अकिनफेनवा २०२२ पर्यंत खेळला, वजन १०० किलोच्या आसपास. त्याला ढकलून हलवता येत नाही हे सगळ्यांना माहिती होतं, मग करायचं काय, तर बॉल यायच्या आधीच त्याच्या पुढे किंवा बाजूला जागा घ्यायची, एकदा त्याने पाठ लावली की संपलं. लांब थ्रो-इन हा वेगळाच प्रकार, प्रत्येक थ्रो जवळजवळ कॉर्नरसारखा, त्यामुळे गोलकीपरचा आवाज ऐकून अर्ध्या सेकंदात ठरवायचं की आपण जायचं की त्याला येऊ द्यायचं.

लेफ्ट बॅकचं काम यात आणखी नाजूक. विंगर बॉल घेऊन समोर आला की कच्चा डिफेंडर थेट झेपावतो आणि विंगर त्याला चकवून निघून जातो. मुरलेला डिफेंडर दीड-दोन मीटरवर थांबतो, शरीर तिरकं करतो, एक खांदा मागे, म्हणजे विंगरला एकच रस्ता उघडा दिसतो, साइडलाइनकडचा, आणि त्या बाजूला त्याच्याकडे जागाच उरत नाही. टॅकल करायची वेळच येऊ द्यायची नाही. हे टीव्हीच्या हायलाइट्समध्ये कधी येत नाही कारण त्यात काहीच "घडत" नाही, विंगर बॉल मागे देतो आणि खेळ पुढे जातो, पण डिफेंडरने त्या क्षणी मॅचमधला एक गोल वाचवलेला असतो.

यलो कार्डांचा हिशेब पण डोक्यात ठेवावा लागतो, पहिल्या १९ लीग मॅचमध्ये पाच झाली की एका मॅचची बंदी, ३७ मॅचपर्यंत दहा झाली की दोनची. डिफेंडरसाठी ही शिक्षा खूप जवळ असते, आणि एकदा बाहेर बसलात आणि तुमच्या जागी आलेला पोरगा चांगला खेळला तर परत जागा मिळेलच असं नाही.

चाळिशीपर्यंत लेफ्ट बॅक कसा काय टिकला? ती तर पळायची जागा आहे.

जागा बदलून. लुइंग्टन तरुणपणीसुद्धा वेगासाठी ओळखला जात नव्हता, डावा पाय आणि खेळ वाचायची अक्कल हीच त्याची पुंजी. वय वाढत गेलं तसा तो आत सरकला, तीन सेंटर बॅकच्या, म्हणजे मधल्या डिफेंडरच्या, रचनेत डाव्या बाजूचा. रसेल मार्टिन २०१९ मध्ये मॅनेजर झाला, तो स्वतः आधी डिफेंडर होता, आणि त्याने लीग वनमध्ये चक्क पासिंगचं फुटबॉल आणलं, मागून बांधत बांधत. २०२१ मध्ये जिलिंगहॅमविरुद्ध या टीमने ५६ पासेस जोडून गोल केला. असल्या खेळात मागून बॉल नीट काढून देणारा डावखुरा डिफेंडर लागतोच, आणि डावखुरे सेंटर बॅक सगळीकडेच कमी. तिशी ओलांडल्यावर त्याचा खेळ उलट सुधारला असं माझं मत आहे.

बाकी मग शरीराची काळजी, आणि थोडं नशीबही. गुडघा एकदा गेला की या लेव्हलला क्लब वाट बघत नाहीत.

एवढा चांगला होता तर वर का नाही गेला?

२०१५-१६ चा चॅम्पियनशिपचा सीझन तो खेळला, टीमच खाली आली. त्यापलीकडे मला हा प्रश्नच जरा चुकीचा वाटतो. प्रत्येक खेळाडू वर जायच्या रांगेत उभा आहे आणि राहिलेला तो मागे पडलेला, असं आपण धरून चालतो. पण एखाद्या गावात तुमची किंमत आहे, पोरं तिथल्या शाळेत आहेत, दर शनिवारी कॅप्टन म्हणून उतरता, तर वरच्या क्लबच्या बेंचवर बसायला का जायचं? लीग वन-लीग टूमध्ये हजाराच्या वर खेळाडू आहेत आणि तिथे वीस वर्षं पहिल्या अकरात राहणं हे फार म्हणजे फारच थोड्यांना जमलंय.

पैसे किती मिळतात?

प्रीमियर लीगचे आकडे विसरून जा. एक पक्का आकडा सांगतो त्यावरून अंदाज येईल. कोविडच्या वेळी ऑगस्ट २०२० मध्ये लीगने पगाराची मर्यादा आणली, लीग वनच्या टीमला वर्षाला २५ लाख पाउंड आणि लीग टूला १५ लाख पाउंड, त्यात पगार, बोनस, टॅक्स, एजंटची फी सगळं आलं, फक्त २१ वर्षांखालची पोरं वगळून. १५ लाख भागिले वीस खेळाडू केलं तर माणशी ७५ हजार पाउंड होतात, तेही सगळे खर्च धरून, हातात येणारे त्याहून कमी. खेळाडूंची युनियन पीएफए, १९०७ पासूनची जुनी संघटना, लवादाकडे गेली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये ती मर्यादा रद्द झाली. आज काही श्रीमंत क्लब त्याच्या कितीतरी वर खर्च करतात आणि काही क्लब तेवढाही करू शकत नाहीत.

म्हणजे चांगला पगार आहे, इंग्लंडमधल्या बऱ्याच नोकऱ्यांपेक्षा चांगला, पण तो ३४-३५ व्या वर्षी बंद होतो आणि तोपर्यंत घराचं कर्ज फिटलेलं नसतं.

काँट्रॅक्ट किती वर्षांचं असतं?

बहुतेकांचं एक किंवा दोन वर्षांचं, संपतं ३० जूनला. त्यामुळे मे महिना हा खालच्या लीगमधल्या घरांसाठी सगळ्यात वाईट. सीझन संपला की क्लब "रिटेन्ड लिस्ट" जाहीर करतो, कोणाला ठेवलं, कोणाला ऑफर दिली, कोणाला सोडलं. मॅनेजरच्या केबिनमध्ये एकेकाला बोलावतात, पाच-दहा मिनिटांचं बोलणं, आणि बाहेर येताना माणूस बेकार झालेला असतो. मग जून-जुलैमध्ये एजंटचे फोन, कुठेतरी ट्रायलवर प्री-सीझन, दोनशे किलोमीटरवर भाड्याचं घर.

सुरुवातीलाही तेच. १६ व्या वर्षी दोन वर्षांची स्कॉलरशिप मिळते, १८ व्या वर्षी प्रो काँट्रॅक्ट द्यायचं की नाही ते ठरतं, आणि बहुतेकांना नाही मिळत. लुइंग्टनसारख्या क्लबच्या सगळ्यात मोठ्या माणसालासुद्धा शेवटच्या वर्षांमध्ये एकेक वर्षाचंच काँट्रॅक्ट मिळायचं, दर उन्हाळ्यात नवीन सही.

पगार बुडतात का?

हो. बरी (Bury) नावाचा क्लब २०१९ मध्ये लीग टूमधून प्रमोट झाला, खेळाडूंचे पगार थकलेले असताना ती पोरं जिंकत राहिली, आणि २७ ऑगस्ट २०१९ ला क्लबलाच लीगमधून काढून टाकलं. १८८५ सालचा क्लब. २०२० मध्ये मॅकल्सफील्ड टाउन कोर्टाच्या आदेशाने बंद झाला, तिथेही तेच, थकलेले पगार. मला यात कायम राग येतो तो याचा की मालक निघून जातात आणि गावात तोंड दाखवायला उरतात खेळाडू, तिकीट विकणाऱ्या बाई आणि ग्राउंड्समन.

हेडिंगमुळे मेंदूवर परिणाम होतो हे खरं आहे का?

हा विषय गंभीर आहे आणि डिफेंडरसाठी सगळ्यात जास्त. ग्लासगो युनिव्हर्सिटीच्या अभ्यासात, स्कॉटलंडच्या माजी प्रोफेशनल खेळाडूंवर केलेल्या, २०१९ मध्ये असं दिसलं की सामान्य लोकांच्या तुलनेत त्यांचा डिमेन्शियासारख्या मेंदूच्या आजारांनी मृत्यू होण्याचं प्रमाण साधारण साडेतीन पट आहे. २०२१ मध्ये त्याच गटाने जागेनुसार आकडे दिले, गोलकीपरना धोका जवळपास सामान्य माणसाएवढाच आणि डिफेंडरना सगळ्यात जास्त, साधारण पाच पट. ती जुनी पिढी होती, त्या काळातले बॉल पाणी पिऊन जड व्हायचे, पण आजचा बॉल जास्त वेगाने येतो त्यामुळे निश्चिंत व्हायचं कारण नाही.

२०२१-२२ पासून इंग्लंडमध्ये सूचना आहे की ट्रेनिंगमध्ये आठवड्याला जोरदार हेडर दहाच्या वर नकोत. मुलांना कोचिंग देणाऱ्यांनी हे वाचून ठेवा, लहान पोरांकडून तासभर हेडिंग करून घेणं बंद करा.

त्याच्या नावावर नक्की कोणता रेकॉर्ड आहे?

एका क्लबसाठी सगळ्यात जास्त लीग मॅच. आधीचा रेकॉर्ड स्विंडन टाउनच्या जॉन ट्रोलपचा, ७७० मॅच, १९६० ते १९८०, आणि योगायोग असा की तोही लेफ्ट बॅक. डिसेंबर २०२३ मध्ये लुइंग्टनने तो मोडला. त्याआधीचा आकडा पोर्ट्समथच्या जिमी डिकिन्सनचा, ७६४.

खालून सुरुवात करून वर पोचलेले डिफेंडर आहेत का?

ग्रॅहम अलेक्झांडर. स्कन्थॉर्पला सुरुवात, मग ल्यूटन, प्रेस्टन, बर्नली, आणि प्रीमियर लीगमधली पहिली मॅच ऑगस्ट २००९ मध्ये वयाच्या ३७ व्या वर्षी. स्कॉटलंडसाठी ४० मॅच, करिअरमध्ये एकूण हजारच्या वर. २०१२ च्या एप्रिलमध्ये प्रेस्टनसाठी शेवटच्या मॅचच्या अगदी शेवटी फ्री किकवर गोल मारून बरोबरी केली आणि रिटायर झाला. हाच माणूस २०२३ मध्ये काही महिने एमके डॉन्सचा मॅनेजर होता, म्हणजे लुइंग्टनचा बॉस.

आपल्याकडच्या मुळांचा कुणी?

नील टेलर, वेल्सचा लेफ्ट बॅक, आई कोलकात्याची. रेक्समला सुरू केलं, २००८ ला क्लब लीग टूमधूनही खाली पडला, तो तिथेच खेळत राहिला, २०१० ला स्वान्झीने घेतलं आणि एका वर्षात प्रीमियर लीग. २०१६ च्या युरोत रशियाविरुद्ध गोल मारला आणि वेल्स सेमीफायनलला गेलं. त्याशिवाय अन्वर उद्दीन, लंडनमधल्या बांगलादेशी कुटुंबातला सेंटर बॅक, डॅगनम अँड रेडब्रिजचा कॅप्टन म्हणून २००७ मध्ये टीमला लीग टूत घेऊन आला. झेश रहमान पाकिस्तानी मुळांचा, फुलहॅमकडून प्रीमियर लीग खेळून पुढे ब्रॅडफर्डकडूनही खेळला. तिघेही डिफेंडर. आणि भारतातून थेट गेलेला म्हणजे बायचुंग भुतिया, १९९९ मध्ये, त्याच बरी क्लबमध्ये, पण तो फॉरवर्ड.

महाराष्ट्राचा काही संबंध?

आहे ना. पुण्याची व्यंकीज २०१० च्या नोव्हेंबरपासून ब्लॅकबर्न रोव्हर्सची मालक आहे. १९९५ चा प्रीमियर लीग चॅम्पियन क्लब २०१७ मध्ये लीग वनमध्ये पडला, आणि २०१७-१८ मध्ये पुण्याच्या मालकीची टीम आणि लुइंग्टनची एमके डॉन्स एकाच लीगमध्ये खेळत होत्या, ब्लॅकबर्न दुसरे येऊन वर गेले आणि एमके डॉन्स खाली. ब्लॅकबर्नच्या लोकांचा मालकांवरचा राग जुना आहे, आणि पुण्यातल्या फुटबॉलवाल्यांनी तो समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं, कारण तिथल्या म्हाताऱ्या माणसांसाठी तो क्लब म्हणजे घरातलाच माणूस.

लुइंग्टन मॅनेजर झाला का?

तात्पुरता. ऑगस्ट २०२१ मध्ये सीझन सुरू व्हायच्या तोंडावर रसेल मार्टिन स्वान्झीला गेला आणि पहिल्या मॅचला, बोल्टनविरुद्ध, टीम हाच बघत होता, ३-३ झाली. संकट आलं की क्लब याच्याकडे बघायचा.

भारतातून मॅच कशी बघायची आणि काय बघायचं?

इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच थेट प्रक्षेपणावर जुनी बंदी आहे पण ती फक्त त्यांच्यासाठी, आपल्याला परदेशातून क्लबच्या साइटवर पैसे भरून मॅच बघायची सोय बऱ्याच वेळा मिळते, भरण्याआधी त्या सीझनचं काय ते तपासा. तिकडची दुपारी तीनची मॅच आपल्याकडे हिवाळ्यात रात्री साडेआठला आणि त्यांच्या उन्हाळी वेळेत साडेसातला सुरू होते. मंगळवारची पावणेआठची म्हणजे हिवाळ्यात आपले रात्रीचे सव्वा, दुसऱ्या दिवशी ऑफिस असेल तर सोडून द्या.

पहिल्या मॅचला एकच करा. बॉल बघू नका, पहिली वीस मिनिटं फक्त एक फुलबॅक (डाव्या किंवा उजव्या कडेचा डिफेंडर) धरा, बॉल दुसऱ्या टोकाला असताना तो कुठे उभा आहे, मान किती वेळा वळवतो, शेजारच्या सेंटर बॅकला हाताने काय खुणावतो, आणि विंगर त्याच्यासमोर बॉल घेऊन आला की आधी कोण हलतो.